चौल हे नाव नक्की कशावरून? चंपावती, चेमूल की चक्क चेंबूर?

दर्यावर्दी
दत्तजयंती (म्हणजे चौलच्या दत्ताची यात्रा) जवळ आली की आमच्या ग्रुपवर दरवर्षी तोच मेसेज फिरायला लागतो. "चौलचे प्राचीन नाव चंपावती, इथे चाफ्याची खूप झाडे होती म्हणून." खाली दोन हात जोडलेले आणि एक फूल. झाडं असतील हो, अष्टागरात, म्हणजे अलिबागच्या या किनारपट्टीत, कुठल्या वाडीत चाफा नाही? पण चंपावतीचं चौल झालं कसं हे एकजण सांगेल तर शपथ. चंपकाचा मराठीत चाफा झाला, रत्नागिरीकडे चाफे नावाचं गावच आहे, गुजरातेत चांपानेर आहे. म्हणजे 'चंप' घासला की चाफ नाहीतर चांप होतो, तो प किंवा फ कुठेतरी शिल्लक राहतोच. चौलमध्ये तो कुठे गेला, समुद्रात?

ज्यांना गाव माहीत नाही त्यांच्यासाठी, अलिबागहून दक्षिणेला निघालं की आक्षी, नागाव, मग चौल आणि लगेच रेवदंडा. पुढे कुंडलिकेची खाडी, साळावचा पूल, पलीकडे कोर्लईचा किल्ला. आज शांत गाव आहे, नारळी-पोफळीच्या वाड्या, तळी आणि देवळं. पण एकेकाळी हे कोकणातल्या सगळ्यात मोठ्या बंदरांपैकी एक होतं आणि जवळजवळ दोन हजार वर्षं कोणी ना कोणी त्याचं नाव लिहून ठेवतंय. एवढा पुरावा असलेली गावं महाराष्ट्रात फार नाहीत, तरी आपण चाफ्यावरच अडकून बसलोय. कोणाकडे काही असेल तर टाका.

पोफळीची वाडी
मी चौलचीच. चंपावतीची दुसरी गोष्ट पण ऐकलीय, चंप नावाचा राजा होता म्हणून. आणि रेवतीक्षेत्र पण म्हणतात, बलरामाची बायको रेवती तिच्यावरून. आमच्या पाखाडीतले (आळीतले) म्हातारे लोक पूजेच्या संकल्पात अजून रेवतीक्षेत्र म्हणतात, ते काय व्हॉट्सॲपवरून आलेलं नाही. जरा जपून लिहा.

ठाणे स्लो
चाफा, राजा, बलरामाची बायको. एका गावाला तीन मूळपुरुष, तेही तिन्ही वेगळ्या खात्यातले 😀

बोलीभाषा
दर्यावर्दी, तुम्ही चाफ्याचं बरोबर पकडलंत, आता दुसरं टोक धरा. कान्हेरीच्या लेण्यांत ब्राह्मी लेख आहेत, दान कोणी दिलं त्याचे. त्यात चेमूल गावचा एक हेरणिक येतो, म्हणजे सोनार, आणि त्याने भिक्खूंसाठी पाण्याची पोढी दान दिलीय. पोढी म्हणजे खडकात खोदलेलं पाण्याचं टाकं. मला हा लेख फार आवडतो, राजा नाही, सरदार नाही, धंदेवाईक माणूस, पैसा आलाय हातात, पुण्य करावंसं वाटतं, आणि आपण कुठले ते कोरून घेतोय. साधारण १८०० वर्षांपूर्वीचा मामला. तेव्हा गावाचं नाव चेमूल.

आता चेमूलचं चौल कसं, तर अगदी सरळ आहे. दोन स्वरांच्या मध्ये आलेला म मराठीत येईपर्यंत व होतो. नामचं नाव, ग्रामचं गाव, भ्रमरचा भोवरा, आमलकचा आवळा. त्याच चालीने चेमूल, चेवूल, चेऊल, चौल. जुन्या मराठी कागदात 'चेऊल' असंच लिहिलेलं सापडतं. एकही पायरी गाळावी लागत नाही आणि फूलही लागत नाही.

चेंबूरकर
थांबा थांबा. कान्हेरी आहे बोरिवलीजवळ. तिथल्या लेखातलं चेमूल म्हणजे आमचं चेंबूर का नाही? जुन्या काळच्या काही अभ्यासकांनी तसं म्हटलेलं आहे, मी माझ्या मनाचं सांगत नाहीये. तुर्भे (ट्रॉम्बे) बेटावरचं चेंबूर. नावात म आहे, ब आहे, सगळं आहे. तुम्ही अलिबागकर सगळंच ओढून नेता, आधी शनिवार-रविवारची गर्दी नेलीत आता प्राचीन बंदर पण न्या.

ठाणे स्लो
चेंबूर प्राचीन बंदर असतं तर मोनोरेलच्या ऐवजी गलबतं तरी वेळेवर आली असती.

दर्यावर्दी
चेंबूरकर, मुद्दा चांगला आहे, चेष्टेवारी नेण्यासारखा नाही. पण दोन गोष्टी आड येतात.

पहिली, पेरिप्लस नावाचं ग्रीक भाषेतलं जुनं नाविकांचं टिपण आहे, पहिल्या शतकातलं. त्यात आपल्या किनाऱ्यावरची बंदरं उत्तरेकडून दक्षिणेकडे क्रमाने येतात. सोपारा, मग कल्याण, कल्याणच्या पुढे सेमिल्ला, मग मंदगोरा वगैरे. आता नकाशा डोळ्यासमोर आणा. चेंबूर तर कल्याणला खाडीतून जायच्या वाटेवरच आहे, कल्याणच्या पलीकडे दक्षिणेला नाही. जहाज मुंबईच्या तोंडातून बाहेर पडून खाली निघालं की पहिली मोठी खाडी कुठली, तर कुंडलिकेची. क्रम चौललाच बसतो.

दुसरी गोष्ट खारेपाटणचा ताम्रपट. शिलाहार राजा अनंतदेवाचा, शके १०१६ म्हणजे १०९४ चा. त्यात भाभण आणि धणाम या दोघा भावांच्या गलबतांना जकात माफ केलीय आणि कुठल्या बंदरात माफ ते लिहिलंय, श्रीस्थानक, नागपूर, शूर्पारक, चेमूली. श्रीस्थानक म्हणजे ठाणे, शूर्पारक म्हणजे सोपारा. हे नागपूर म्हणजे विदर्भातलं नाही हे सांगायला नको, बऱ्याच जणांनी ते नागाव मानलंय. मग शेजारी चेमूली कोण? नागावच्या पुढचा स्टॉप चौल. एसटीचा कंडक्टर पण हेच सांगेल.

चेंबूरकर
नागपूर म्हणजे नागाव हे 'मानलंय' ना? मग चेमूली म्हणजे चेंबूर हेही मानू शकतो. पण पेरिप्लसचा क्रम मला खटकतोय खरा. सोडत नाहीये, तात्पुरती माघार.

सातासमुद्रापार
मस्त धागा. मी अरबी थोडीफार शिकलोय कामासाठी (दम्मामला होतो), तर त्यातली एक गंमत सांगतो जी इथे फिट बसते.

अरब लोक या बंदराला सैमूर म्हणायचे. अल मसूदी नावाचा प्रवासी ९१६ च्या सुमारास इथे स्वतः आला होता, तेव्हा शिलाहारांचा झंझ राजा होता, आणि मसूदी लिहितो की इथे मुसलमान व्यापाऱ्यांची मोठी वस्ती आहे, त्यातले बरेच इथेच जन्मलेले. आता लोक म्हणतात सैमूर कुठे आणि चौल कुठे. पण अरबीत च हे अक्षरच नाही! आपला च आला की ते स लावतात, तोही जरा जाड उच्चाराचा. चीनला ते सीन म्हणतात. चंदनाचं त्यांनी संदल केलं, तोच संदल पुढे उरुसाच्या मिरवणुकीतून आपल्याकडे परत आला. तर सैमूरमधला स काढून च ठेवा, शेवटी र-ल ची अदलाबदल, ती तर आपल्याकडेही होते. काय उरलं? चैमूल. कान्हेरीवाल्या सोनाराचं गाव.

बोलीभाषा
वा! हे सुंदर सांगितलंत. आणि ग्रीकांचंही तेच दुखणं होतं, त्यांच्याकडेही च नाही. टॉलेमी, दुसऱ्या शतकातला, त्याच्या भूगोलात या गावाला सिमुल्ला म्हणतो आणि वर सांगतो की तिथल्या लोकांच्या तोंडी मात्र ते तिमूला आहे. व्यापाऱ्यांकडून कळलं म्हणे. विचार करा, एकाला स ऐकू आला, दुसऱ्याला त. असा आवाज कुठला जो परक्या कानाला कधी स वाटतो कधी त? च! जीभ टाळ्याला लागते तेव्हा थोडा त असतो आणि सुटते तेव्हा थोडा स. ज्यांच्याकडे च नव्हता त्या सगळ्यांनी मिळून आपल्यासाठी च सिद्ध करून ठेवलाय.

आणि ज्याच्या भाषेत च होता त्याला अडचणच आली नाही. अफनासी निकितीन, रशियातल्या त्वेरचा व्यापारी, १४६९ मध्ये घोडा विकायला घेऊन इथेच उतरला. वास्को द गामाच्या जवळजवळ तीस वर्षं आधी. तो लिहितो चिविल. च बरोबर पकडला. आणि बघा म जाऊन व आलेला आहे! १०९४ च्या ताम्रपटात म, १४६९ च्या परक्या माणसाच्या कानावर व. ताम्रपटाची भाषा संस्कृत, ती जुनंच रूप धरून बसणार, त्यामुळे लोकांच्या तोंडी तो म आधीच गेला असेल, पण निकितीनच्या वेळी तो नव्हता हे नक्की, कारण रशियन माणसाला म म्हणायला काही त्रास नव्हता.

पोफळीची वाडी
निकितीनचं स्मारक आहे रेवदंड्याला, काळा दगडी खांब. येणारे-जाणारे विचारतात हे काय, मग समजावून सांगावं लागतं की बाबा आला होता एक घोडेवाला. पुढे जुन्नरला गेल्यावर तिथल्या खानाने त्याचा घोडाच काढून घेतला, धर्म बदल तर देतो म्हणाला. शेवटी मिळाला परत. एवढा समुद्र ओलांडून आणलेला घोडा आणि ही तऱ्हा.

पण माझा प्रश्न बाजूला पडला. ठीक आहे, चेमूलचं चौल झालं, पटतंय. मग संकल्पातलं रेवतीक्षेत्र आणि चंपावती खोटं का?

दर्यावर्दी
खोटं नाही ताई. गावाला तोंडातलं एक आणि पोथीतलं एक अशी दोन नावं असतात. कोल्हापूरला करवीर म्हणतात की नाही? करवीरपासून कोल्हापूर झालं असं कोणी म्हणत नाही, दोन्ही नावं आपापल्या जागी चालतात. माहात्म्य लिहिणाऱ्याला चेऊल हे नाव फारच गावठी वाटलं असणार, त्याने च धरला आणि चंपावती करून टाकलं. कानाला गोड, छंदात बसतं. माझी तक्रार एवढीच की पोथीतलं नाव *जुनं* आणि तोंडातलं *बिघडलेलं* असं उलटं सांगतात. इथे तोंडातलंच जुनं आहे.

खाडीपलीकडचा
कोर्लईकडून हजेरी. तुम्ही सगळे चौल चौल करताय पण कुठलं चौल ते ठरवा आधी. पोर्तुगीज दोन चौल मानायचे, वरचं आणि खालचं. वरचं म्हणजे निजामशाहीतलं शहर, आजचं चौल. खालचं म्हणजे खाडीच्या तोंडाचं त्यांचं स्वतःचं, आजचं रेवदंडा. त्यांच्या कागदात नुसतं चौल आलं की बहुतेक वेळा ते रेवदंड्याबद्दल बोलतायत. त्यामुळे पुस्तक वाचून चौलला किल्ला शोधत फिरणारे लोक आम्ही पाहिलेत, आणि किल्ला शेजारच्या गावात उभा, रस्ताच त्याच्या तटातून आत जातो.

थोडक्यात इतिहास टाकतो, कोणाला हवा असेल तर. १५०८ मध्ये इथे खाडीच्या तोंडाशी मोठी लढाई झाली, इजिप्तचं आरमार आणि दीवचा मलिक अयाझ एका बाजूला, पोर्तुगीज दुसऱ्या, आणि पोर्तुगीज व्हाइसरॉयचा मुलगा लोरेन्सो त्यात मेला. १५२१ ला निजामशहाने त्यांना कोट बांधू दिला. मग त्याच निजामशाहीने १५७०-७१ ला वेढा घातला, जमलं नाही. १५९४ ला कोर्लईचा किल्ला पण पोर्तुगीजांनी घेतला. संभाजीराजांनी १६८३ ला रेवदंड्याला वेढा घातला होता. आणि वसई पडल्यावर १७४० ला हे सगळं मराठ्यांकडे आलं. तोपर्यंत मुंबई वर आली होती आणि इथली खाडी गाळाने भरत चालली होती. रेशमी कापडासाठी नाव असलेलं गाव, ते विणकरही गेले.

आमच्या कोर्लई गावात ख्रिस्ती वस्तीत अजून पोर्तुगीजपासून झालेली बोली बोलतात, नो लिंग. अर्थ 'आमची भाषा'. पोर्तुगीज गेले त्याला पावणेतीनशेच्या वर वर्षं झाली, भाषा इथेच राहिली. दुकानात मराठी, घरात ती.

ठाणे स्लो
हे नो लिंगचं माहीतच नव्हतं, यावर वेगळा धागा काढा राव.

शंकेखोर
सगळं वाचलं. दोन शंका. एक, चेमूलचा अर्थ काय? दोन, मुंबईची चाळ चौलवरून आली का? इंग्रजी स्पेलिंग जवळजवळ सारखंच आहे.

बोलीभाषा
दुसरी आधी. नाही. चाळ म्हणजे ओळ, एका ओळीत खोल्या म्हणून चाळ. घुंगरांची चाळ असते तीच. शेवटी ळ आहे, चौलला ल आहे, इंग्रजांना दोन्ही सारखेच म्हणून स्पेलिंगचा घोळ. स्पेलिंगवरून व्युत्पत्ती काढायला लागलो तर ठाण्याचं पोलीस ठाणं होईल.

पहिलीबद्दल माझं मत ऐका. प्रत्येक गावाच्या नावाला संस्कृत अर्थ असलाच पाहिजे हा हट्ट कशाला? इथे मीठ पिकवणारे, मासे मारणारे लोक कान्हेरीच्या लेखाच्याही कितीतरी आधीपासून राहत असणार. त्यांनी आपल्या बोलीत खाडीला, खडकाला, काहीतरी नाव दिलं आणि ते चिकटलं. आपल्या हातात आहे ते नावाचं वय, आणि ते भरपूर आहे. मेसेजवाल्यांना अर्थ हवा असतो कारण अर्थ फॉरवर्ड करता येतो, ध्वनिबदल फॉरवर्ड होत नाही.

शंकेखोर
पोलीस ठाणं पण ठाण्यासारखंच स्थानवरून आलंय ना? म्हणजे उदाहरण तुमच्यावरच उलटलं 😄

बोलीभाषा
दोघं स्थानाचीच लेकरं, मान्य. बाप एक म्हणून पोरगं शेजाऱ्याच्या नावावर करत नाहीत.

सातासमुद्रापार
आणि रेवदंडा? रेवतीवरूनच ना ते तरी?

खाडीपलीकडचा
तसं सांगतात. पण इथे बसून मला दुसरं वाटतं. रेव म्हणजे भरड वाळू. आणि दांडा किंवा दंडा हा शब्द किनाऱ्यावर किती ठिकाणी लागतो बघा, केळवे-दांडा, खारदांडा, दंडा-राजपुरी. सगळी समुद्राला लागून असलेली कोळीवाड्याची गावं, जमिनीचा लांबट पट्टा. रेवदंड्याला उभं राहिलं की एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला खाडी आणि मध्ये वाळूची लांब पट्टी. रेवेचा दांडा! नाव आधी पडलं आणि रेवती मागून येऊन त्यात बसली असा माझा अंदाज. पुरावा मागू नका, ताम्रपट नाही माझ्याकडे, फक्त डोळे आहेत.

पोफळीची वाडी
हे मात्र पटलं मला. घरी सांगितलं तर सासरे उठून गेले.

दर्यावर्दी
खाडीपलीकडचा, तुमचा अंदाज मला चंपावतीपेक्षा शंभर पट बरा वाटतो, कारण तो जागेवर उभं राहून केलाय.

नवखा भटक्या
डिसेंबरमध्ये जायचा प्लॅन आहे आमचा. हे सगळं वाचून चौलला काय काय बघू? फक्त बीच नको.

पोफळीची वाडी
बीचसाठी नागावला थांबतात सगळे, चौलला थांबतच नाहीत, ते एक बरंच आहे. रामेश्वराचं देऊळ बघा, समोर मोठं तळं आहे. आत मंडपात तीन कुंडं आहेत, पर्जन्यकुंड, वायुकुंड, अग्निकुंड. वर दगड बसवून बंद केलेली असतात. पाऊस ताणला की पर्जन्यकुंड उघडायची रीत, गावातली जुनी माणसं त्याच्या गोष्टी सांगतात. शीतळादेवी आहे. डोंगरावर हिंगलाज देवी, तिथेच बौद्ध लेणी आहेत छोटी, तो कान्हेरीवाला सोनार आठवत असेल तर ती चुकवू नका, त्याच्या काळाच्या आसपासचा धर्म तिथे दिसतो. वाड्यांच्या मधून आत शिरलं की हमामखान्याचे (जुन्या स्नानगृहाचे) अवशेष आहेत, पाटी शोधत बसू नका, सरळ कोणालाही विचारा. भोवाळ्याच्या डोंगरावर दत्ताचं देऊळ, पायऱ्या भरपूर आहेत, सकाळी लवकर चढा.

रेवदंड्याला सातखणी मनोरा बघा, नावाला सातखणी, आता सात मजले राहिलेले नाहीत. आणि ओहोटी बघून तटाच्या बाहेरून समुद्राच्या बाजूने चक्कर मारा.

नवखा भटक्या
धन्यवाद ताई! यायचं कसं आणि यात्रेत यावं का?

पोफळीची वाडी
गेटवेहून मांडव्याला लाँचने या, तिथून अलिबाग, आणि अलिबाग स्टँडवरून रेवदंड्याची एसटी पकडा, चौलवरूनच जाते. यात्रा मार्गशीर्ष पौर्णिमेपासून पाच दिवस. मिठाई, खेळणी, भांडी, घोंगड्या, पाळणे, सगळं असतं पण गाडी घेऊन येऊ नका, रस्ता अरुंद आहे, नाक्यापासून जाम. शांतपणे देवळं बघायची असतील तर यात्रा संपल्यावर आठवड्याने या. तेव्हा वालाच्या शेंगा आलेल्या असतात, पोपटी लावतात लोक शेतात, म्हणजे मडक्यात शेंगा भाजतात.

ठाणे स्लो
पोपटीत भांबुर्ड्याचा पाला नसेल तर ती पोपटी नाही, एवढं बोलून मी माझं व्युत्पत्तिशास्त्र संपवतो.

चेंबूरकर
मी पण येतो. ताम्रपट घेऊन.